८४ वस्तूंची यादी आणि एक कॉट

ताई, तुमची लेक उदगीरहून पुणे विद्यापीठात रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला चालली आहे, वसतिगृहात जागाही मिळाली आहे, पुढच्या सोमवारी निघायचं आहे आणि सामानाची यादी ८४ वस्तूंवर गेली आहे. शिवाय तुम्ही चार प्रश्न वेगळे विचारलेत. गादी इथूनच न्यावी का, छोटी शेगडी द्यावी का, अंगावर थोडं सोनं असू द्यावं का आणि मिक्सर लागेल का. चारही प्रश्नांची उत्तरं देते, पण माझ्या क्रमाने.

मी पुण्यात मुलींच्या वसतिगृहात २३ वर्षं रेक्टर होते. जुलै-ऑगस्टमध्ये फाटकातून आत येणारं सामान मी पाहिलं, तसं मे महिन्यात खोल्या रिकाम्या झाल्यावर मागे उरलेलंही पाहिलं. शिकले ते दुसऱ्यातून. सील न फोडलेले लोणच्याचे डबे, घडी न मोडलेले जाडजूड टर्किश टॉवेल, खोक्यातून बाहेरच न आलेला डिनर सेट, आणि एकदा तर अख्खं पाच किलो थालीपीठाचं पीठ, त्यात पोरकिडे. हे सगळं कुणीतरी प्रेमाने बांधून दिलेलं होतं, म्हणून टाकताना आमच्या मावशींचाही हात अडखळायचा.

माझा एकच हिशोब आहे. दोन वर्षांचं सामान बांधू नका, महालक्ष्म्यांपर्यंतचं बांधा. तुमच्याकडे गौरी म्हणजे महालक्ष्म्या, आणि मराठवाड्याची पोरगी त्या सणाला घरी येते म्हणजे येतेच. म्हणजे पहिली खेप चार-सहा आठवड्यांची. दुसरी दिवाळीपर्यंतची. स्वेटर, शाल, गोधडी हे सगळं दिवाळीनंतर. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा गोधडी हवीच, पण ऑगस्टमध्ये ती कपाटाचा अर्धा खण खाते आणि पावसाच्या ओलीने कुबट वास धरते.

सामान किती, हे ठरवायला घरीच एक प्रयोग करून बघा. तुमच्या लोखंडी कपाटाचा एक खण आणि पलंगाखालची एक बाजू रिकामी करा. वसतिगृहात साधारण तेवढंच वाट्याला येतं. एक कॉट, एक टेबल-खुर्ची, कपाट किंवा अर्धं कपाट, आणि खोलीत आणखी एक-दोन मुली. त्या खणात आणि पलंगाखाली मावेल तेवढं न्यायचं, उरेल ते घरी राहील. ८४ मधल्या तीसेक वस्तू इथेच गळतील.

आता आधी कागद, कारण कपडे विसरले तर पुण्यात दुकानं आहेत, कागद विसरला तर रात्रभराचा प्रवास करून परत यावं लागतं. तुमची मुलगी उदगीरच्या कॉलेजात शिकली, म्हणजे पदवी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची. विद्यापीठ बदललं की मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, नुसत्या टीसीवर भागत नाही. मी दरवर्षी दोन-तीन मुली रडकुंडीला आलेल्या पाहिल्या, त्या बहुतेक या एका कागदापायी. अर्ज केला नसेल तर आजच करा. बाकी दहावी-बारावीची आणि पदवीची सगळी गुणपत्रकं, टीसी, आधार, डोमिसाईल, तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला. प्रवर्ग लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर. नॉन-क्रिमीलेअरवर वैधतेची तारीख छापलेली असते, ती आधी वाचा. मधे एखादं वर्ष शिक्षण थांबलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. पासपोर्ट साइझ फोटो १२ तरी, आणि सगळे एकाच वेळी काढलेले. प्रत्येक कागदाच्या चार-चार झेरॉक्स वेगळ्या पाकिटात. मूळ कागद लॅमिनेट करू नका. त्यावर शिक्का बसत नाही, शेरा मारता येत नाही, आणि प्लास्टिक सोडवायला गेलं की कागद फाटतो. सगळे कागद फोनवर स्कॅन करून मुलीच्या ईमेलवर पाठवून ठेवा. पडताळणी झाली की जे मूळ कागद परत मिळतील ते वसतिगृहाच्या कपाटात न ठेवता महालक्ष्म्यांना घरी आणायचे.

आणि एक गोष्ट तुमच्या यादीत नाही, कुणाच्याच नसते. मुलीच्या आधारला कुणाचा मोबाइल नंबर जोडलेला आहे? गावाकडे पुष्कळदा वडिलांचा असतो. मग महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, अर्ज भरायला पोरगी पुण्यात बसते, ओटीपी उदगीरला जातो, वडील शेतात किंवा दुकानात, आणि मुदत संपते. निघण्याआधी आधार केंद्रात जाऊन तिचा नंबर जोडून घ्या. शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, तेव्हा बँकेत जाऊन तेही बघून या. वसतिगृहाच्या फीची पावती जपून ठेवायला सांगा, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासारख्या योजनेत बसत असाल तर वसतिगृहात राहत असल्याचा पुरावा म्हणून ती कामी येते. रॅगिंगविरोधी हमीपत्र ऑनलाइन भरावं लागतं, ते घरूनच भरा, आणि यूजीसीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ तिच्या फोनमध्ये घालून द्या. बहुतेकींना तिची गरज पडत नाही. नंबर मात्र असू द्या.

कपड्यांचा प्रश्न किती कपडे असा नसतोच, किती वाळतात असा असतो. तुमच्याकडे गच्चीवर दोन तासांत वाळणारा कपडा ऑगस्टमधल्या पुण्यात दोन दिवस ओलसर राहतो. ऊन नाही, व्हरांड्यात दोरी एक आणि पोरी बारा. त्यामुळे जीन्स एकच, फार तर दोन. एक जीन्स वाळायला तीन दिवस घेते आणि दोरीची सगळी जागा अडवते. पातळ सुती किंवा मिश्र धाग्याचे कुर्ते सहा, लेगिंग्ज-सलवारी चार, खोलीत घालायचे दोन जोड. आतले कपडे मात्र सहाच्या ऐवजी दहा-बारा द्या. हे कुणी सांगत नाही, आणि मुली ओले कपडे तसेच घालतात. मग जांघेत, काखेत गजकर्ण होतं, लाजेने कुणाला सांगत नाहीत आणि दुकानातून कुठलंतरी मलम आणून लावतात. त्यात स्टेरॉइड असलं तर दुखणं वाढतं. रेक्टरच्या खोलीत दार लावून या विषयावर मी जितकं बोलले असेन तितकं अभ्यासावर नाही.

टॉवेलच्या जागी सुती पंचे घ्या, तीन. पंचा पंख्याखाली दोन तासांत वाळतो, पिशवीत जागा घेत नाही, वेळ पडली तर डोक्याला बांधता येतो. पाच-सहा मीटर नायलॉनची दोरी, दोन डझन चिमटे, आठ हँगर. पंख्याखाली हँगरवर कपडा लवकर सुकतो. दोरी खिडकीपासून कपाटापर्यंत बांधायची आणि दुसऱ्या मुलीच्या कॉटवरून न्यायची नाही. खोलीतलं पहिलं भांडण नव्वद टक्के वेळा ओल्या ओढणीचं पाणी कुणाच्या तरी उशीवर पडल्याने झालेलं असतं.

विद्यापीठाचं आवार चारशे एकरांहून मोठं आहे. वसतिगृह ते विभाग, विभाग ते जयकर ग्रंथालय, पुन्हा मेस, असं रोजचं चालणं आहे. म्हणून छत्री घडीची नको, थोडी मोठी आणि भक्कम काड्यांची घ्या. पायात पट्ट्याच्या रबरी सँडल. कॅनव्हासचे बूट आणि चामडी चपला या मोसमात बुरशीचं घर. पण थांबा, रसायनशास्त्र आहे ना? प्रयोगशाळेत बंद बूटच लागतील. तेव्हा एक साधा, धुता येणारा, सिंथेटिक बूट हवा, आणि त्यात कोंबायला जुनी वर्तमानपत्रं. ओल्या बुटात रात्रभर कागदाचे बोळे घातले की सकाळी निम्मं काम झालेलं असतं. एप्रन पांढरा, पूर्ण बाह्यांचा आणि सुतीच घ्या. टेरिलीनचा दिसतो छान, पण आगीची झळ लागली तर वितळून कातडीला चिकटतो. एप्रन दोन असावेत, एक धुवायला.

गादी. घरून नेऊ नका. उदगीरची कापसाची गादी झोपायला सुरेख, पण दहा-बारा किलोची, ट्रॅव्हल्सच्या डिकीत भिजते, आणि पावसाळी हवेत कापूस ओल धरून गोळे होतात. त्यातही कॉट किती रुंदीची हे तुम्हाला माहीत नाही. सहा बाय तीनच्या कॉट असतात तशा सहा बाय अडीचच्याही. आधी कॉट मोजा, मग औंधला किंवा खडकी बाजारात जाऊन तीन-चार इंची फोमची नाहीतर काथ्याची गादी घ्या. पहिली रात्र सतरंजीवर काढता येते. सतरंजी, दोन चादरी, एक पातळ उशी, आणि पांघरायला एक सोलापुरी चादर एवढं घरून पुरे. सोलापुरी चादर म्हणते कारण ती बादलीत धुता येते. ब्लँकेट पोरी वर्षभर धूत नाहीत.

आणि कुणाची वापरलेली गादी, कितीही स्वस्त मिळाली, सीनियर ताईने फुकट दिली तरी घ्यायची नाही. ढेकूण. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, माफ करा. ढेकूण घाणीमुळे होतात हा गैरसमज आहे. ते सामानातून येतात, गादीच्या शिवणीत, बॅगेच्या चेनजवळ, लोखंडी कॉटच्या सांध्यात बसतात आणि रक्त न मिळता कित्येक महिने तग धरतात. म्हणजे मे-जूनची सुट्टीभर बंद असलेल्या खोलीतही ते तुमच्या मुलीची वाट बघत असू शकतात. खोलीत शिरल्यावर बॅग कॉटवर टाकायच्या आधी फोनचा टॉर्च लावून कॉटचे चारही कोपरे, फळ्यांच्या फटी आणि भिंतीकडची बाजू बघा. शाई शिंपडल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसले की समजा. लगेच ऑफिसला सांगून फवारणी करून घ्या आणि लोखंडी कॉट असेल तर सांध्यांवर उकळतं पाणी ओता. आम्ही तेच करायचो. नुसतं उन्हात ठेवून ते जात नाहीत, सावलीच्या बाजूला सरकतात. लाजू नका आणि लपवू नका. एका वर्षी एका मुलीने दोन महिने लपवलं, तोवर मजल्यावरच्या सात खोल्यांत पसरले होते.

आता शेगडी. नाही. गॅसची तर नाहीच, इंडक्शनही नाही, पाणी तापवायचा रॉडही नाही. माझ्या ऑफिसात एक कपाट फक्त जप्त रॉडचं होतं. मुलींना वाटायचं रेक्टर खडूस. त्याचं गणित सांगते. खोलीतलं साधं सॉकेट ६ अँपिअरचं असतं. २३० व्होल्टने गुणलं तर १३८० वॅट होतात, तेवढीच त्याची ताकद. रॉड सहसा १५०० वॅटचा, इंडक्शन २००० पर्यंत. तो ६ अँपिअरच्या सॉकेटला, त्यातही दोनशे रुपयांच्या एक्स्टेन्शनमधून लावला की आधी वायर तापते, मग प्लास्टिक मऊ होतं, मग वास येतो. दोन-तीन खोल्या एकाच सर्किटवर असल्या आणि तिघींनी सकाळी सात वाजता रॉड टाकले की एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारा खटका, पडतो आणि परीक्षेच्या दिवशी अख्खा मजला अंधारात. शिवाय रॉड बादलीत, बादली ओल्या फरशीवर, मुलगी अनवाणी. याहून जास्त बोलत नाही. लॅपटॉपचा चार्जर ६५ वॅटचा, फोनचा त्याहून कमी, एलईडी दिवा पाच-सात वॅटचा. एवढं त्या सॉकेटला सहज झेपतं. इलेक्ट्रिक किटलीला काही वसतिगृहं हो म्हणतात, काही नाही, तेव्हा नियमांचा कागद वाचून मगच घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र हवा. आयएसआय मार्कचा, फ्यूज असलेला, दोन-तीन मीटर वायरचा. सॉकेट हमखास कॉटच्या विरुद्ध भिंतीला असतं, हा माझा २३ वर्षांचा अनुभव.

दिव्यावरून आठवलं. चार्जिंगचा एलईडी टेबल लॅम्प यादीत वर घ्या. दिवे गेले म्हणून नव्हे, रूममेट झोपली म्हणून. एकीला रात्री दोनपर्यंत जागून वाचायची सवय, दुसरी साडेदहाला झोपून पाचला उठणारी. ट्यूबलाइट कुणाची, यावरून खोल्या बदलून मागायला आलेल्या मुलींची रांग मी पाहिली आहे. दिवा स्वतःच्या टेबलावर उजेड पाडणारा हवा, सोबत इयरफोन आणि डोळ्यांवर बांधायची काळी पट्टी. तीन वस्तू मिळून हजाराच्या आत येतात.

खाण्याचं तुम्ही फार मनावर घेतलेलं दिसतं. ८४ पैकी २२ वस्तू खाण्याच्या आहेत. मेसचं जेवण पोट भरतं, चव घरची नसते, हे खरं. त्यावर उपाय चटण्यांचा. शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची. तुमच्या भागातल्या चटण्यांना पुण्यात तोड नाही. मेसच्या मिळमिळीत डाळीवर कारळाची चटणी आणि कच्चं तेल घेऊन जेवणाऱ्या लातूर-नांदेडच्या मुली मी ओळखून काढायचे. पण प्रत्येकी पाव किलो. ऑगस्टच्या दमट हवेत उघडलेला डबा महिन्याच्या वर खमंग राहत नाही, शेंगदाण्याला खवट वास येतो. मेतकूट थोडं. लोणचं छोट्या, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत आणि ती बरणी पिशवीत बांधून, काचेची नको. धपाटे द्या, दोन-तीन दिवस टिकतात आणि पहिल्या दोन दिवसांत मेसच्या वेळा समजेपर्यंत तेच उपयोगी पडतात. येसर, म्हणजे आमटीचं मसाल्याचं पीठ, देऊ नका, आमटी शिजवणार कशावर?

एक गोष्ट मात्र नक्की लक्षात ठेवा. पुण्यातल्या पुष्कळ मेसना रविवारी संध्याकाळी सुट्टी असते. नव्या मुलीला हे पहिल्या रविवारी रात्री आठ वाजता कळतं. त्या रात्रीसाठी कपाटात भडंग, चिवडा, लाडू, सुकामेवा असं काहीतरी असावं. आणि लाडवांचे दोन डबे करा, एक मोठा आणि एक लहान. मोठा डबा पहिल्याच संध्याकाळी खोलीत उघडायचा, शेजारच्या खोलीतही फिरवायचा. ओळखी व्हायला त्याच्याइतकं सोपं काही नाही. तो रात्रीपर्यंत संपेल. लहान डबा कपाटात, कुणाला न सांगता. यात अप्पलपोटेपणा नाही. पहिल्या दहा दिवसांत एखादी रात्र अशी येते की त्या डब्याचा आधार लागतो.

डबे सगळे घट्ट झाकणाचे हवेत. प्लास्टिकच्या पिशवीतला चिवडा म्हणजे मुंग्यांना आणि उंदरांना आमंत्रण. भांड्यांत एक स्टीलची ताटली, एक खोलगट वाडगा, पेला, दोन चमचे, फळं कापायची छोटी सुरी आणि एक लिटरची स्टीलची पाण्याची बाटली. बस. वाडगा खोलगट असला की त्यात दूध, दही-पोहे, भेळ सगळं होतं.

बादली, मग, झाडू, सुपली, कचऱ्याचा डबा, पायपुसणं यातलं काहीही उदगीरहून नेऊ नका. पंधरा-अठरा लिटरची बादली पुण्यात कुठेही मिळते, आणि हौस असेल तर पहिल्या रविवारी मुली मिळून तुळशीबागेत जाऊन घेतात. बादलीवर नेलपेंटने नाव घालायचं. मार्करने घातलेलं नाव आठवड्यात धुऊन जातं, नेलपेंट वर्षभर टिकतं. एकसारख्या निळ्या बादल्यांवरून किती रुसवेफुगवे होतात हे तुम्हाला खरं वाटणार नाही.

कुलपं मात्र घरून, दोन. कपाटाचं छोटं, कारण कपाटाच्या कडीचं भोक बारीक असतं आणि जाड दांडीचं कुलूप आत जातच नाही. खोलीचं मोठं, ते कदाचित रूममेटने आणलेलं असेल, पण आणलेलं नसेल तर पहिल्याच संध्याकाळी लागतं. त्याच्या जितक्या मुली तितक्या किल्ल्या हव्यात. कपाटाची दुसरी किल्ली पर्समध्ये ठेवू नका, कारण हरवते ती पर्सच. मैत्रिणीकडे द्या किंवा ऑफिसात लिफाफ्यात ठेवा.

औषधांची छोटी पिशवी करा. पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, क्रेप बँडेज, जखमेला लावायचं मलम, तिची नेहमीची औषधं महिन्याभराची आणि त्यांची डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी. गोळ्या पाकिटासकट, सुट्या गोळ्या डबीत घातल्या तर रात्री तापात कुठली काय ते कळत नाही. पॅड दोन महिन्यांचे, गरम पाण्याची रबरी पिशवी. रक्तगट आणि घरचे दोन नंबर एका कागदावर लिहून तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचा. फोन लॉक असतो, बेशुद्ध मुलीचा पासवर्ड रूममेटला माहीत नसतो. हे प्रसंगातून शिकलेलं आहे.

मच्छरदाणी घ्या, घडीची, एका कॉटची. पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तेव्हा सकाळी आणि संध्याकाळी अंगाला लावायचं मलम हवंच. तो साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. म्हणजे महालक्ष्म्यांना घरी निघताना भरलेली बादली तशीच ठेवली, तर ती परत येईपर्यंत खोलीत नवी फौज हजर. निघताना बादली उपडी घालायची. आमच्याकडे सुट्टीच्या आधी मी स्वतः न्हाणीघरात फेरी मारायची, ती याचसाठी.

किरकोळ पण रोज लागणाऱ्या वस्तू एका पेन्सिलीच्या डब्यात मावतात. सुईदोरा, सेफ्टीपिना, नेलकटर, छोटी कात्री, फेविक्विक, दुहेरी चिकटपट्टी, चार-पाच डांबरगोळ्या. कपाटात अंथरायला वर्तमानपत्रं. आणि रोख दोन हजार रुपये, शंभर-पन्नासच्या नोटांत. यूपीआय सगळीकडे चालतं, नेटवर्क मात्र सगळीकडे नसतं.

बॅगांबद्दल दोन शब्द. ती चाकाची कडक मोठी सूटकेस नको, कारण ती रिकामी झाली की ठेवायची कुठे? कॉटखाली बहुतेक वेळा जात नाही, कपाटावर ठेवली तर पंख्याला लागते. जुन्या काळी पत्र्याची ट्रंक असायची, तिला कुलूप लागायचं आणि उंदीर पोहोचत नसे. मला अजूनही ती आवडते, पण कॉटखालची उंची मोजल्याशिवाय ट्रंकही आणू नका. दोन कापडी मोठ्या बॅगा घ्या, रिकामी झाल्यावर एक दुसरीत जाईल. पाठीवरची सॅक वेगळी. त्या सॅकमध्ये कागद, लॅपटॉप, चार्जर, एक जोड कपडे, पंचा, ब्रश आणि धपाटे. म्हणजे बाकीचं सामान ट्रॅव्हल्सवाल्याने उशिरा उतरवलं तरी पहिला दिवस निघतो.

सोनं नाही. कानातलं रोजचं असेल तेवढं राहू द्या, साखळी काढून ठेवा. वसतिगृह त्याची जबाबदारी घेत नाही आणि हरवलं की आधी रूममेटवर संशय जातो. मग ती खोली वर्षभर नीट राहत नाही. देवाचा छोटा फोटो खुशाल द्या. निरांजन, उदबत्ती, मेणबत्ती मात्र नको, गाद्या आणि ओढण्यांच्या खोलीत उघडी ज्योत नको.

सोमवारी निघून मंगळवारी सकाळी पोहोचताय, हे उत्तम. शनिवार-रविवारी येणाऱ्या पालकांना ऑफिस बंद सापडतं. खोली ताब्यात घेताना पंखा, ट्यूब, खिडकीच्या कड्या, कपाटाचं दार, नळ हे सगळं चालू-बंद करून बघा, मोडलेलं असेल त्याचे फोटो काढा आणि ताब्याच्या रजिस्टरमध्ये लिहून सही करा. नाहीतर दोन वर्षांनी अनामत रकमेतून ते पैसे कापले जातात, आणि तेव्हा मी मोडलं नव्हतं म्हणून उपयोग नसतो.

कपाट तुम्ही लावू नका. मोह होईल, मला माहीत आहे. मी माझ्या मुलीचं लावलं होतं, आणि तिला आठ दिवस काही सापडत नव्हतं. तिला लावू द्या. तुम्ही तोवर गादी घेऊन या, बादली घेऊन या, मेसचे पैसे भरा. रूममेटची आई आली असेल तर तिचा नंबर घ्या. मुलींचे नंबर मुली घेतीलच.

राहिला मिक्सर. तुम्ही लिहिलंय की तिला ताक घुसळून प्यायची सवय आहे. ताई, एक स्टीलची रवी द्या.